सिव्ह सिक्समध्ये पन्नासाव्या टर्नलाच मागं पडताय? घोडं पहिल्या शहरातच पेंड खातंय

'सिव्हिलायझेशन सिक्स' हा कॉम्प्युटरवर टर्न-टर्ननं, म्हणजे पाळीपाळीनं, खेळायचा राज्य उभं करण्याचा गेम. त्यात मागं पडणाऱ्या सगळ्यांचं लक्षण सारखंच असतं. पहिले वीस-पंचवीस टर्न झकास जातात. पन्नासाव्या टर्नच्या आसपास शेजारी सीमेवर फौज आणून उभी करतो. त्याची शहरं चार असतात, आपली दोन. आपलं सायन्स त्याच्या निम्म्यावर आणि एक बिल्डर (शेतं-खाणी करणारा कामगार) बार्बेरियननी, म्हणजे रानटी टोळ्यांनी, पळवलेला. मग मेनू, रिस्टार्ट, नवी सिव्ह (म्हणजे नवं राष्ट्र), नवा नकाशा, आणि पन्नासाव्या टर्नला पुन्हा तेच चित्र.

माझा मामेभाऊ मिरजेला राहतो. त्यानं हे तीनदा केलं: एकदा रोम, एकदा सुमेर, एकदा माओरी. तिसऱ्यांदा म्हणाला, "दादा, मला हा गेम जमतच नाही." मला ते पटलं नाही, कारण पोराचं डोकं चांगलं आहे. एका रविवारी त्याच्याकडं जाऊन बसलो आणि तिन्ही गेमच्या जुन्या सेव्ह उघडून पहिल्या शहरात कशानंतर काय बनवलं ते वहीत उतरवून काढलं. तिन्ही रकाने हुबेहूब सारखे निघाले: स्काउट (टेहळ्या), बिल्डर, स्लिंगर (गोफणवाला), स्टोनहेंज. कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेला क्रम त्यानं पाठ केला होता आणि तिन्ही सिव्हना तोच लावला होता.

सांगली-मिरजेच्या पोराकडून हे व्हावं यात नवल नाही. आपल्याकडं भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळं घराघरांत पट आहे, आणि पटावर ओपनिंग पाठ करणं चुकीचं नाही. तिथं दोघांकडं तीच सोळा मोहरी, तीच चौसष्ट घरं. इथं एकाच्या हातात पहिल्या टर्नपासून रथ असतो, दुसऱ्याच्या पायाखाली जमीनच नसते. वाळव्याचा ऊस कुणी जतच्या माळावर लावत नाही आणि आटपाडीचं डाळिंब कृष्णेच्या चिबडीत लावत नाही. जिल्हा एकच असला तरी रान बघून पीक ठरतं. सिव्हचंही तसंच आहे. पण आधी सगळ्या सिव्हना लागू होणाऱ्या दोन चुका काढून टाकू, मग एकेका सिव्हकडं वळू.

(खालचे आकडे स्टँडर्ड स्पीडचे आणि गॅदरिंग स्टॉर्म ही जोड टाकलेल्या गेमचे आहेत.)

आधी हिशेब

नदीकाठच्या सपाट गवताळ टाइलवर (नकाशावरच्या एका घरावर) पहिलं शहर वसवलं की शहराच्या टाइलचं 1 प्रोडक्शन (दर टर्नला होणारं काम), राजवाड्याचे 2 आणि एक माणूस साध्या टाइलवर कामाला लावला तर त्याचं 1, असे मिळून 4 होतात. त्यात 30 चा स्काउट आठ टर्नमध्ये होतो. 80 चा सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारा, वीस टर्न खातो. आणि 180 चं स्टोनहेंज? पंचेचाळीस टर्न. लोकसंख्या वाढते तसा वेग वाढतो हे खरं, तरीही मामेभावाच्या रोममध्ये स्टोनहेंज अर्धं व्हायच्या आत दुसऱ्या कुणीतरी बांधून टाकलं होतं. प्रिन्सच्या वरच्या पातळ्यांवर कॉम्प्युटरला सुरुवातीलाच सवलती असतात, डिटी या सगळ्यात अवघड पातळीवर तर तो थेट तीन सेटलर घेऊन उतरतो. पहिली चूक हीच: त्याच्याशी पहिल्याच वंडरसाठी (स्टोनहेंजसारख्या, एकालाच बांधता येणाऱ्या वास्तूसाठी) शर्यत लावू नका. जवळपास तेवढ्याच प्रोडक्शनमध्ये दोन सेटलर निघतात: पहिला 80 चा, दुसरा 110 चा. दर सेटलरला किंमत 30 नं वाढते, म्हणून उशीर जितका जास्त तितकं दुखणं जास्त.

आता तेच शहर शेजारच्या मैदानी टेकडीवर, म्हणजे प्लेन्स हिलवर, वसवलं तर शहराच्या टाइलला 1 च्या जागी 2 प्रोडक्शन मिळतं. एकूण 5. सेटलर वीसऐवजी सोळा टर्नमध्ये. टेकडी नदीला लागून असेल तर दुसरा विचारच करू नका, कारण गोड्या पाण्यामुळं हाउसिंगही (शहरात किती माणसं मावतात ते) 5 मिळतं. समुद्रकाठी ते 3 असतं आणि पाणीच नसेल तर 2. अशी जागा एका टर्नवर दिसत असेल तर चालत जा. पण चांगली जागा शोधत सेटलरला पाच-सहा टर्न फिरवू नका. तेवढ्या वेळात निम्म्याहून जास्त स्काउट झाला असता.

अन्नाचाही हिशेब करा. एक माणूस टर्नला 2 फूड खातो. एकाचे दोन व्हायला 15 फूड साठावं लागतं. माणूस 2 फूडच्या टाइलवर असेल तर शिल्लक 2, म्हणजे आठ टर्न. 3 फूडच्या टाइलवर असेल तर पाच. लोकसंख्या 2 झाल्याशिवाय सेटलर बनत नाही आणि बनला की शहरातला एक माणूस घेऊन जातो. म्हणून सुरुवातीला स्काउट आणि स्लिंगर बनवत लोकसंख्या वाढू द्यायची, मग सेटलर, हा साधा क्रम बहुतेक सिव्हना चालतो. शहरावर क्लिक करून माणूस कुठल्या टाइलवर बसलाय ते बघायची सवय लावा. गेम आपोआप बसवतो ती जागा दरवेळी आपल्या कामाची नसते.

सिव्हिकमध्ये (कल्चरनं मिळणाऱ्या सुधारणांमध्ये) कोड ऑफ लॉजनंतर फॉरेन ट्रेड आणि लगेच अर्ली एम्पायर घ्या. तिथं कॉलनायझेशनचं कार्ड मिळतं, त्यानं सेटलरच्या प्रोडक्शनला 50 टक्के जोड मिळते. सगळ्या शहरांची मिळून लोकसंख्या 6 झाली की अर्ली एम्पायरचं इन्स्पिरेशन, म्हणजे त्या सिव्हिकला फुकटचा हातभार, मिळतो. पहिला सेटलर या कार्डासाठी अडवून ठेवू नका, दुसरा-तिसरा मात्र त्याच्यावरच काढा.

उद्गारचिन्ह

दुसरी चूक मी त्याच्या रोमच्या सेव्हमध्ये टर्न मागं घेत घेत डोळ्यांनी पाहिली. चौदावा टर्न. राजधानीच्या उत्तरेला जंगलाच्या कडेला लाल रंगाचा बार्बेरियन स्काउट येऊन थांबलाय आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह आहे. वॉरियर तिथून दोन टाइलवर आहे. मामेभावानं वॉरियर पुढं नेला, पण दक्षिणेला. त्याला वाटलं, एकटा स्काउट काय करणार.

त्या उद्गारचिन्हाचा अर्थ एकच: त्यानं तुमचं शहर पाहिलंय. आता तो आपल्या कॅम्पकडं परत जाणार, आणि तो पोचला की कॅम्पातून टोळी निघणार. घोड्यांजवळचा कॅम्प असेल तर टोळी घोडेस्वारांची असते. एकविसाव्या टर्नला ती आली, बिल्डर धरून नेला, पंचविसाव्याला एक शेत मोडलं आणि पुढचे दहा टर्न राजधानी फक्त स्लिंगर बनवत बसली. सेटलर गेला तिसाव्या टर्नच्या पलीकडं. पन्नासाव्या टर्नला जी दोन शहरं दिसत होती, त्याचं मूळ या चौदाव्या टर्नात होतं.

इलाज: पहिला वॉरियर लांब फिरवू नका. राजधानीभोवती चार-पाच टाइलांच्या घेरात ठेवा, दूरचं बघायला स्काउट आहे. बार्बेरियन स्काउट दिसला की सगळं सोडून त्याच्या आणि कॅम्पच्या मध्ये उभे राहा. तो मारला गेला तर टोळी निघत नाही. त्याला शेवटचा फटका स्लिंगरनं दिला तर आर्चरीचं युरेकाही मिळतं, म्हणजे त्या टेकचा (तंत्रज्ञानाचा) 40 टक्के अभ्यास फुकट. कॅम्प तुमच्या नजरेआडच्या टाइलांवरच उगवतात, म्हणून टेकडीवर उभा केलेला एक सैनिक दोन सैनिकांचं काम करतो. साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावरून गावात येणारी प्रत्येक वाट दिसते, तसं.

आता सिव्हगणिक

रोम. ट्राजनच्या प्रत्येक नव्या शहराला सुरुवातीलाच मॉन्युमेंट फुकट मिळतं. दर शहरामागं 60 प्रोडक्शन वाचलं आणि कल्चर पहिल्या टर्नपासून सुरू. याचा उपयोग एकच: शहरं पसरवा. रोम घेऊन दोन शहरांवर थांबणं म्हणजे दिलेलं दान परत करणं. स्काउट, स्लिंगर, सेटलर, सेटलर. बिल्डर प्रोडक्शननं बनवण्यापेक्षा 200 गोल्ड जमलं की विकत घ्या. ब्रॉन्झ वर्किंग लवकर करून लोखंड कुठं आहे ते बघा आणि तिसरं शहर त्याच्याजवळ टाका. लोखंडाची खाण केली की आयर्न वर्किंगचं युरेका मिळतं, आणि त्या टेकला लीजन, म्हणजे रोमचा खास सैनिक, येतो. शेजाऱ्याच्या भिंती उभ्या राहायच्या आत चार लीजन निघाले तर पुढचे शंभर टर्न तुमचे.

सुमेर. मामेभावाची सगळ्यात मोठी चूक इथं होती. गिल्गामेशला वॉर कार्ट (लढाईचा रथ) पहिल्या टर्नपासून बनवता येतो. त्याला कुठलं टेक लागत नाही, घोडे लागत नाहीत, किंमत 55, आणि ताकद वॉरियरपेक्षा बरीच जास्त. शिवाय सुमेरनं बार्बेरियनचा कॅम्प घेतला की नेहमीच्या गोल्डबरोबर गावातलं बक्षीसही मिळतं, म्हणजे ट्रायबल व्हिलेजमध्ये मिळतं तसं. त्याच्या सेव्हमध्ये राजधानीपासून सहा टाइलवर कॅम्प होता आणि तो त्याला टाळून चालला होता! इतर सिव्हना जी डोकेदुखी असते, ती सुमेरची कमाई आहे. स्काउट वगळा. पहिलाच वॉर कार्ट, मग दुसरा. कॅम्प शोधून घ्या. तिसरा कार्ट झाला आणि शेजारी जवळ असेल तर त्याच्या बिनभिंतीच्या शहरावर जा. उशीर केलात तर मेसनरी करून तो भिंत बांधेल आणि कार्ट दारात उभे राहतील. झिगुराट हे सुमेरचं खास बांधकामही सुरुवातीपासून मिळतं. नदीला लागून बांधलं तर सायन्सबरोबर कल्चरही देतं. टेकडीवर ते बांधता येत नाही, म्हणून सुमेरचं शहर टेकडीवर आणि कामाच्या टाइल खाली नदीकाठी अशी मांडणी धरा.

माओरी. नकाशा उघडतो तेव्हा सेटलर समुद्रात असतो आणि माणूस घाबरून पहिल्या दिसलेल्या किनाऱ्यावर उतरतो. घाबरायचं कारण नाही. पहिलं शहर वसेपर्यंत दर टर्नला 2 सायन्स आणि 2 कल्चर मिळत असतं, आणि वसवलं की एक जादा माणूस आणि एक बिल्डर फुकट. थोडं हिंडायची मुभा गेमनंच दिलीय. सेटलर आणि वॉरियर वेगवेगळ्या दिशांना पाठवा. किनारा, जंगल आणि मासे तिन्ही एकत्र असतील तिथं उतरा. बोटींमधून जादा फूड मिळतं आणि न तोडलेलं जंगल प्रोडक्शन देतं. मामेभावानं उतरल्या उतरल्या फुकटच्या बिल्डरनं जंगल तोडून स्टोनहेंजला घातलं होतं. बाकीच्या सिव्हसाठी ही चाल चालून जाते, माओरीसाठी ते स्वतःचं रान उजाड करणं आहे.

बॅबिलोन. 2020 मध्ये आलेली ही सिव्ह माझी सगळ्यात आवडती, आणि पाठ केलेला क्रम हिच्यावर सगळ्यात आधी मोडतो. हिचं सायन्स निम्मं, पण युरेका मिळालं की पूर्ण टेक पदरात. म्हणजे अभ्यासाच्या यादीकडं बघायचंच नाही, युरेकाच्या यादीकडं बघायचं. स्लिंगरनं एक शत्रू मारा, आर्चरी आली. कुठल्याही रिसोर्सवर खाण करा, व्हील आलं. दगडावर क्वारी करा, मेसनरी आली. तीन खाणी झाल्या की अप्रेंटिसशिप. तीन आर्चर झाले की मशिनरी, आणि शेजारी अजून गोफणी फिरवत असताना तुमच्याकडं क्रॉसबोमन. म्हणून इथं सुरुवात बिल्डरनं करा आणि लगोलग दुसरा काढा. रोमला मी बिल्डर मागं ठेवायला सांगितला आणि इथं पुढं, हेच मला मामेभावाला दाखवायचं होतं. बॅबिलोनच्या बिल्डरचा एकेक चार्ज (त्याला करता येणारं एकेक काम) म्हणजे एकेक टेक आहे. जागा निवडताना टेकड्या आणि वेगवेगळे रिसोर्स बघा, नुसतं सुपीक रान नको.

इजिप्त. सांगलीकराला नदीकाठ शिकवायला नको. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोका पातळी असताना 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलेलं आपण पाहिलंय. 2019 मध्येच आलेल्या गॅदरिंग स्टॉर्मनं गेममध्ये पूर आणला आणि त्यानंतर बरीच मंडळी पुराच्या सपाट टाइल टाळायला लागली. मी टाळत नाही. पुरात शेत मोडतं, पण गाळ बसला की त्या टाइलचं उत्पन्न वाढतं, आणि मोडलेलं शेत बिल्डर दुरुस्त करतो तेव्हा त्याचा चार्ज जात नाही. म्हणून शहर काठावरच्या उंचीला, शेतं पुराच्या पट्ट्यात, आणि एक बिल्डर शेवटचा चार्ज राखून जवळपास. हे सगळ्यांसाठी. क्लिओपात्राच्या इजिप्तला तर पुरानं नुकसानच होत नाही, वर नदीला लागून बांधलेल्या डिस्ट्रिक्टना (शहराच्या खास विभागांना) आणि वंडरना 15 टक्के प्रोडक्शनची जोड. इजिप्त घेऊन नदी सोडून बसलेला खेळाडू पाहिला की मला खरंच वाईट वाटतं.

भारत. आपली म्हणून सगळे आधी हीच घेतात आणि हिच्यावरच निराश होतात. गांधींचं फेथ (धर्माची कमाई) ज्यांनी धर्म स्थापन केलाय आणि ज्यांच्याशी आपलं युद्ध नाही, अशा सिव्ह भेटल्यावर वाढतं. म्हणजे सुरुवातीला जवळ काहीच नसतं. इथं स्काउट एक नाही, दोन काढा. जितक्या सिव्ह लवकर भेटतील तितकं बरं, आणि दुसरी सिव्ह भेटली की रायटिंगचं युरेकाही मिळतं. रायटिंग आलं की कॅम्पसची (सायन्सच्या डिस्ट्रिक्टची) जागा लगेच धरा, कारण एकदा पाया घातला की त्याची किंमत तिथंच थांबते, नाहीतर टेक वाढतील तशी ती वाढत जाते. रिसोर्सवर एक शेत करून इरिगेशन उरका. स्टेपवेल, म्हणजे आपली बारव, तिथं मिळते: फूड आणि हाउसिंग दोन्ही. शेताला लागून बांधा, टेकडीवर ती होत नाही आणि दोन बारवा शेजारीशेजारी होत नाहीत. लढायचं असेल तर गांधी नकोत, चंद्रगुप्त घ्या. त्यांचं मिलिटरी ट्रेनिंग हे सिव्हिक होईपर्यंत शेजाऱ्याशी वाकडं घेऊ नका. त्यानंतर वॉर ऑफ टेरिटोरियल एक्सपान्शन (मुलूख वाढवायचं युद्ध) पुकारलं की पहिल्या दहा टर्नला सैन्याची चाल आणि ताकद दोन्ही वाढतात, आणि शेजारच्या शत्रूची ताकद 5 नं कमी करणारा वरू हत्ती सोबत असेल तर ते दहा टर्न पुरतात.

रशिया आणि ॲझ्टेक थोडक्यात. रशियाला टुंड्रा नकोशी वाटून दक्षिणेला पळू नका, पीटरला टुंड्राच्या टाइलवर फेथ आणि प्रोडक्शन जादा मिळतं. 25 फेथला पँथिऑन (धर्माआधीची पहिली श्रद्धा) येतं, तिथं डान्स ऑफ द ऑरोरा घ्या आणि निम्म्या किमतीची लाव्ह्रा (रशियाचा खास धार्मिक डिस्ट्रिक्ट) लगेच टाका. ॲझ्टेकचा पहिला सैनिकच ईगल वॉरियर असतो, ताकद 28, इतरांच्या वॉरियरची 20. आणखी दोन काढून शेजाऱ्याचे सैनिक हरवा, ते बिल्डर होऊन तुमच्याकडं येऊ शकतात. त्या बिल्डरचा एकेक चार्ज डिस्ट्रिक्टचं 20 टक्के काम उरकतो.

दुरुस्ती झाली की नाही हे कसं बघायचं

शेवटपर्यंत खेळून बघायची गरज नाही. पंचविसाव्या टर्नला थांबा. दुसरं शहर वसलंय का, किंवा सेटलर वाटेवर आहे का? आणि तुमच्या सिव्हची जी खास गोष्ट आहे ती एकदा तरी वापरलीय का? सुमेरनं कॅम्प घेतला का, बॅबिलोनला दोन-तीन युरेका मिळाले का, रोमचं दुसरं मॉन्युमेंट उभं राहिलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर पुढं रेटू नका, तिथंच मागची सेव्ह उघडा. पन्नासाव्या टर्नला मी चार शहरं धरतो. सुमेर किंवा ॲझ्टेकसाठी त्यातलं एक शेजाऱ्याकडून घेतलेलं असलं तरी चालतं, फक्त लॉयल्टीवर (शहराच्या निष्ठेवर) लक्ष ठेवा, नाहीतर ते परत फिरतं.

त्या रविवारी आम्ही सुमेरची पहिल्या टर्नची सेव्ह उघडली. नकाशा तोच, शेजारी तोच. वहीतला जुना क्रम त्यानं स्वतःच खोडला आणि वरती लिहिलं: कार्ट, कार्ट, सेटलर, कार्ट. सहा टाइलवरचा तो कॅम्प घेतल्यावर बक्षिसात एक माणूस वाढला आणि राजधानीची लोकसंख्या 3 झाली. रात्री मी सांगलीला परत निघेपर्यंत अठ्ठेचाळिसावा टर्न चालू होता. चार शहरं होती, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला अजून सहा टर्न बाकी होते.